पणजोबा इंग्रजांच्या पोलीस खात्यात कारकून होते? नोकरीच्या अटी आणि पेन्शनचे जुने कागद कसे वाचायचे

घरात "आमचे पणजोबा ब्रिटिशांच्या काळात पोलिसात होते" एवढंच माहीत असतं, सोबत एक पिवळं पडलेलं सर्व्हिस बुक, एखादी पेन्शनची चोपडी, इंग्रजीत टाईप केलेला हुकूम आणि त्यावर लाल शाईने मारलेले शेरे, आणि मग लोक विचारतात की यातून काय कळतं आणि आम्हाला काही मिळू शकतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी पहिलं. बरंच काही कळतं, फक्त कागद कुठल्या क्रमाने बघायचे ते माहीत पाहिजे. मी इथे मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याबद्दल बोलतोय आणि त्यातही फोर्समधल्या शिपायांपेक्षा जास्त त्यांच्या मागे राबणाऱ्या माणसांबद्दल, म्हणजे कारकून, दफ्तरी, पट्टेवाले, भिस्ती वगैरे, कारण शिपायाबद्दल कुठेतरी लिहिलेलं सापडतं, या लोकांबद्दल कोणी लिहीत नाही.

सगळ्यात आधी माणूस नेमका कोण होता ते ठरवा. ही पायरी गाळून थेट पेन्शनच्या आकड्याकडे गेलात तर पुढचं सगळं चुकणार, कारण अटी आणि पेन्शन दोन्ही यावरच ठरायचं.

कागदावर बक्कल नंबर, म्हणजे पट्ट्याच्या बिल्ल्यावरचा शिपायाचा क्रमांक, असेल, हुद्दा शिपाई, हवालदार, जमादार किंवा फौजदार असेल तर माणूस फोर्समधला, कायद्याखाली भरती झालेला. जिल्ह्यांसाठी १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा, मुंबई शहरासाठी १९०२ चा वेगळा कायदा, आणि नागपूर-वऱ्हाडकडे १८६१ चा पोलीस कायदा. १८६१ च्या कायद्यात तर शिपायाला नेमणुकीचा दाखला मिळायचा, आणि वरिष्ठांची परवानगी नसेल तर दोन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय नोकरी सोडता यायची नाही, दुसरा कामधंदाही करता यायचा नाही.

बक्कल नंबर नाही आणि हुद्दा क्लार्क, हेड क्लार्क, अकाउंटंट, शिरस्तेदार, रेकॉर्ड कीपर, ट्रान्सलेटर असा काही असेल तर तो माणूस डी.एस.पी. म्हणजे तेव्हाच्या जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या कचेरीच्या आस्थापनेवरचा. कागदात याला 'मिनिस्टेरियल' म्हणतात, त्याचा मंत्र्याशी काडीचा संबंध नाही, कारकुनी काम एवढाच अर्थ. हा पोलीस खात्यात होता पण पोलीस नव्हता. त्याच्या अटी कलेक्टर कचेरीतल्या कारकुनासारख्याच, म्हणजे सर्वसाधारण मुलकी नोकराच्या. घरी फोटोत गणवेश दिसत नाही, कोट-पगडीच दिसते, आणि घरचे म्हणतात साध्या वेशातले सीआयडी असतील! नसतात हो, बहुतेक वेळा कारकूनच असतात.

तिसरा थर पट्टेवाले, दफ्तरी, नाईक यांचा. कागदात याला सरळ 'इन्फिरिअर सर्व्हिस' लिहिलेलं असतं आणि कारकुनाच्या नोकरीला 'सुपिरिअर'. वाचताना राग येतो, पण तो शब्द शोधा, कारण दोघांचं पेन्शनचं गणित पूर्ण वेगळं होतं.

चौथा थर सगळ्यात दुर्लक्षित. ठाण्यात पाणी भरणारे भिस्ती, झाडूवाले, उन्हाळ्यापुरते ठेवलेले पंखेवाले. यातल्या कित्येकांचा पगार आस्थापनेतून निघायचाच नाही, किरकोळ खर्चातून निघायचा, ज्याला कॉन्टिन्जन्सी म्हणतात. तिथून पगार घेतलेल्या माणसाने तीस वर्षं एकाच चौकीत काढली तरी पेन्शनच्या हिशोबात ती शून्य. आणि साहेबाच्या बंगल्यावरचा घोडेवाला किंवा स्वयंपाकी साहेबाच्या खिशातून पगार घेत असेल तर तो सरकारी नोकरच नाही.

आणि पाचवं म्हणजे गावाकडचं. "पोलिसात होते" म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत प्रत्यक्षात पणजोबा पोलीस पाटील असतात, किंवा जागले, रामोशी, महार म्हणून गावचं काम करणारे. त्यांचा कायदा १८६७ चा ग्राम पोलीस कायदा, आणि मोबदला वतनाचा, म्हणजे जमीन किंवा हक्क. पगार नाही म्हणून पेन्शन नाही. तुमचं प्रकरण यातलं असेल तर सर्व्हिस बुक शोधत बसू नका, तहसील कचेरीत वतनाचे कागद आणि जुने सातबारे-फेरफार बघा, तिकडे जास्त सापडेल.

एवढं ठरलं की मग कायम की हंगामी ते बघा. तेव्हाच्या सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्समध्ये कलम ३६१ म्हणून एक कलम होतं, तीन अटींचं: नोकरी सरकारची पाहिजे, नेमणूक कायम पदावर कायम स्वरूपाची पाहिजे, आणि पगार सरकारने दिलेला पाहिजे. तिन्ही जुळलं तरच ते वर्ष पेन्शनला धरायचं. सर्व्हिस बुकात 'सब्स्टॅन्टिव्ह', 'ऑफिशिएटिंग', 'टेम्पररी', 'ॲक्टिंग' असे शब्द प्रत्येक ओळीत येतात (पहिला म्हणजे कायम, बाकीचे हंगामी किंवा बदलीवरचे), पेन्सिलने खुणा करत जा, म्हणजे खऱ्या पुस्तकावर नाही, झेरॉक्सवर. त्या काळी उमेदवारी नावाचा प्रकार जोरात होता, पोरगा कचेरीत येऊन बसायचा, बिनपगारी किंवा नावापुरत्या पैशावर लिहायची कामं करायचा आणि जागा रिकामी होण्याची वाट बघायचा. घरी सांगतात की आजोबा अमुक साली लागले, आणि बुकात नोंद पुढची कितीतरी वर्षांनी, तर मधला काळ हा असू शकतो, त्यात नोंद हरवलीय असं लगेच धरू नका.

वयाची भानगड अजून एक. सुपिरिअर नोकरीत वीस वर्षं पूर्ण होईपर्यंतची सेवा पेन्शनला धरतच नसत, इन्फिरिअरमध्ये सोळा. म्हणजे अठराव्या वर्षी कारकून म्हणून चिकटलेल्या माणसाची पहिली दोन वर्षं गेली. त्यामुळे जन्मतारीख फार महत्त्वाची. तुमच्या पणजोबांची जन्मतारीख १ जुलै दिसली तर गंमत वाटून घेऊ नका, नुसतं साल माहीत असेल तर १ जुलै धरायची आणि महिना माहीत असेल तर १६ तारीख धरायची असा सरकारी नियमच होता. (आपल्याकडे शाळेत मास्तरांनी टाकलेली १ जूनवाली अख्खी पिढी आहे, तो वेगळा उद्योग.)

आता सर्व्हिस बुक. कारकुनाचं असेल तर बुक, हवालदारापर्यंतच्या पोलिसाचं आणि पट्टेवाल्याचं असेल तर सहसा सर्व्हिस रोल, म्हणजे कमी तपशिलाचा कागद. पहिल्या पानावर नाव, बापाचं नाव, गाव, धर्म-जात, जन्मतारीख, उंची, अंगावरच्या खुणा, बोटांचे ठसे आणि सही. हे पान दर पाच वर्षांनी नव्याने साक्षांकित करायचं असे, म्हणून एकाच पानावर तीन-चार वेगवेगळ्या साहेबांच्या सह्या दिसतात, त्या तारखांवरून माणूस त्या त्या साली कुठल्या जिल्ह्यात होता हे फुकटात कळतं. आतल्या पानांवर पद, पगार, बढती, रजा. आणि समासात बारीक अक्षरात पगारबिलांवरून सेवा पडताळली अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असतो, तो सगळ्यात मोलाचा, कारण पेन्शनच्या वेळी तोच बघायचे. जिथे तो शेरा नाही तिथे पेन्शन अडकलेलं असण्याची शक्यता जास्त, मग पुढे चार-पाच पत्रांची भांडाभांडी सापडते आणि ती पत्रं वाचायला खरं तर जाम मजा येते.

कागद कुठल्या सालचा त्यावर कुठले नियम ते ठरतं. १ जानेवारी १९२२ पासून पगार-रजेसाठी फंडामेंटल रूल्स आले, पेन्शनचा भाग मात्र जुन्या सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्सवरच चालू राहिला. म्हणून १९३० च्या एकाच पेन्शन प्रकरणात 'एफ.आर.' आणि 'सी.एस.आर.' दोन्ही दिसतात, गोंधळू नका. नंतर मुंबई राज्याचे १९५९ चे नियम आणि महाराष्ट्राचे पेन्शन नियम १९८२ चे. आजोबा १९४० ला लागून १९७० ला रिटायर झाले असतील तर त्यांची सुरुवात एका नियमाखाली आणि शेवट दुसऱ्याच.

निवृत्तीचं वय ५५. पण कारकुनांना यात एक सवलत होती जी फोर्सवाल्यांना नव्हती: फंडामेंटल रूल ५६ प्रमाणे मिनिस्टेरियल नोकराला पंचावन्नला घरी पाठवता यायचं, पण काम नीट करत असेल तर साधारण साठपर्यंत ठेवावं असं लिहिलेलं होतं. पुढे १ एप्रिल १९३८ पासून लागलेल्यांसाठी ही सवलत काढून त्यांना पंचावन्नच केलं. त्यामुळे एकाच कचेरीत एकाच टेबलावर बसणारे दोन कारकून, एक साठला जातो एक पंचावन्नला, आणि घरी मात्र पिढ्यानपिढ्या "साहेबाने डूख धरून आजोबांना लवकर काढलं" अशी कथा चालू राहते. कथा खोटीच असेल असं नाही, पण आधी नेमणुकीची तारीख बघा.

पेन्शनच्या हुकुमावर चारपैकी एक प्रकार लिहिलेला असतो. वय झालं म्हणून सुपरॲन्युएशन, तीस वर्षं सेवा झाली म्हणून स्वतःहून घेतलेलं रिटायरिंग, शरीर चालेना म्हणून डॉक्टरी दाखल्यावर इनव्हॅलिड, आणि पदच रद्द झालं म्हणून कॉम्पेन्सेशन. इनव्हॅलिड शब्द दिसला की मेडिकल सर्टिफिकेटचा कागद शोधाच, त्यात आजार, वय, दिसण्याचं वर्णन असतं, घरच्यांना कधी न सांगितलेल्या गोष्टी त्यात निघतात.

आता हिशोब, जो लोकांना सगळ्यात अवघड वाटतो आणि आहे एकदम सोपा. कारकुनाची म्हणजे सुपिरिअर नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर पेन्शन नाही, फक्त ग्रॅच्युइटी, म्हणजे एकदाच मिळणारी रक्कम, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त एक महिन्याचा पगार. दहा किंवा जास्त असेल तर शेवटच्या तीन वर्षांच्या पगाराची सरासरी काढायची आणि प्रत्येक वर्षाला साठावा हिस्सा. दहा वर्षांना १०/६०, अठराला १८/६०, आणि कमाल ३०/६० म्हणजे अर्धा पगार, त्याच्या वर नाही, मग पस्तीस वर्षं घासली तरी तेवढंच.

उदाहरण घेऊ, आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. जन्म १८९०, कारकून म्हणून कायम नेमणूक १९०८, आणि दमा झाला म्हणून १९३० ला इनव्हॅलिड. घरी म्हणतात बावीस वर्षं नोकरी. पण विशीच्या आधीची दोन गेली, राहिली वीस. सरासरी पगार ४५ रुपये असेल तर २०/६० म्हणजे १५ रुपये महिना. मध्ये बिनपगारी रजा असेल तर तीही वजा, आणि पूर्ण न झालेलं वर्ष धरायचं नाही, एकोणीस वर्षं अकरा महिने म्हणजे एकोणीसच. दुसरं, तीस वर्षं भरलेला माणूस, शेवटच्या तीन वर्षांतली पहिली अठरा महिने ३५ रुपये, नंतरची अठरा महिने ४०, सरासरी साडेसदतीस, अर्धं म्हणजे पावणेएकोणीस. कागदावर हे १८-१२-० असं दिसेल, अठरा रुपये बारा आणे शून्य पै. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, हे १ एप्रिल १९५७ पर्यंत. लोक १८-१२-० ला तारीख समजतात, म्हणून सांगितलं. तुम्ही काढलेला आकडा आणि हुकुमावरचा आकडा जुळला नाही तर फरक किती वर्षांचा येतो ते बघा, बहुतेक वेळा तो हंगामी काळात नाहीतर खंडात, म्हणजे नोकरीत मध्येच पडलेल्या तुटीत सापडतो.

पट्टेवाल्याला हे साठाव्याचं कोष्टक लागू नव्हतं. त्याच्यासाठी वेगळी कलमं आणि वर एक फार खालची कमाल मर्यादा, त्यामुळे पणजोबांचं पेन्शन अगदी दोन-चार रुपये दिसलं तर टायपिंगची चूक नाही ती.

खंड हा शब्द आला म्हणून सांगतो, तेव्हाची सगळ्यात जाचक अट तीच होती. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा गेली. बडतर्फ झालं की गेली. परवानगीशिवाय गैरहजर राहिलं आणि तो खंड माफ झाला नाही की आधीची सेवा गेली. बडतर्फ माणसाला पेन्शन नाहीच, फार तर दया म्हणून कम्पॅशनेट अलाउन्स. आणि निर्दोष नोकरी करून रिटायर झालेल्यालाही पूर्ण पेन्शन आपोआप नव्हतं, त्याच सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्सच्या कलम ४७० मध्ये स्वच्छ लिहिलेलं की सेवा खरोखर पसंत पडलेली असेल तरच पूर्ण रक्कम. त्याच्याही पुढे कलम ३५१: रिटायर झाल्यावरसुद्धा चांगली वागणूक ही पेन्शनची गृहीत अट, नाहीतर सरकार ते थांबवू किंवा काढून घेऊ शकतं. १९३० किंवा १९४२ च्या धामधुमीत घरातला मुलगा चळवळीत आणि बाप पेन्शनर, अशा घरात बापाच्या जिवाला काय घोर असेल त्याची कल्पना या एका कलमावरून येते.

कोर्टात जायची सोय? जवळजवळ नाहीच. १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम ४ ने दिवाणी कोर्टाची वाट अडवलेली. १९१९ च्या भारत सरकार कायद्यात सरकारी नोकर राजाच्या मर्जीपर्यंत नोकरीवर असंच लिहिलं, आणि १९३७ ला मद्रासच्या सरकारी छापखान्यातल्या वेंकट राव नावाच्या नोकराच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगून टाकलं की नोकरीचे नियम मोडले म्हणून कोर्टात दाद मागता येणार नाही, वरिष्ठांकडे अर्ज करा. म्हणूनच जुन्या फायलींत अर्जांची ती भाषा, "मायबाप सरकार", "पदरी मुलंबाळं" वगैरे. ती लाचारी म्हणून वाचू नका असं माझं मत आहे, दुसरं हत्यारच हातात नव्हतं. पेन्शन ही बक्षिसी नाही, हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९७१ ला देवकीनंदन प्रसाद खटल्यात म्हटलं, आणि १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात ते आणखी ठासून सांगितलं, म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे असतो. एक गोष्ट मात्र त्या १८७१ च्या कायद्यात नोकराच्या फायद्याची होती, सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता यायची नाही आणि पुढे मिळणारं पेन्शन कुणाच्या नावे लिहून दिलं तर ते बेकायदा. 'पेन्शन विकलं' असं घरी म्हणत असतील तर ते सावकाराला नव्हे, सरकारलाच, म्हणजे काही हिस्सा सोडून एकरकमी पैसे घेतले. १९२५ चे नियम त्याचेच. हुकुमावर मूळ रक्कम आणि कमी झालेली रक्कम असे दोन आकडे दिसले तर हेच.

बायको-मुलांचं काय, तर काही नाही. पेन्शनर ज्या दिवशी गेला त्या दिवसापर्यंतची बाकी वारसांना, तिथे विषय संपला. कामावर मारला गेलेल्याच्या घरच्यांसाठी वेगळी तरतूद होती, पण तापाने गेलेल्या कारकुनाच्या बायकोला आजच्यासारखं फॅमिली पेन्शन नव्हतं. १९५० नंतर थोडं सुरू झालं, नीट योजना केंद्रात १ जानेवारी १९६४ पासून. तुमच्या घरातली एखादी पणजी नवरा गेल्यावर मुलं घेऊन माहेरी गेली असेल तर मागचं कारण बऱ्याचदा एवढं साधं आणि एवढं वाईट असतं.

कागदच नसतील तर कुठे शोधायचं. घरात पहिलं पेन्शन पेमेंट ऑर्डर शोधा, त्याचे दोन भाग असत, एक ट्रेझरीत आणि एक पेन्शनरकडे, त्यावरचा नंबर आणि ट्रेझरीचं नाव हाती लागलं की निम्मं काम झालं. मग त्या जिल्ह्याच्या एस.पी. कार्यालयाच्या आस्थापना शाखेत अर्ज, लागला तर माहिती अधिकारात, पण अर्जात नाव, हुद्दा, अंदाजे साल, जिल्हा एवढं नेमकं लिहा, "आमच्या पणजोबांची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज केला तर उत्तर काय येणार ते तुम्हाला माहितीये. ठराविक मुदतीनंतर अशी रेकॉर्ड्स नष्ट करतात, त्यामुळे ठेवली नाहीत असंही उत्तर येऊ शकतं आणि ते खोटं नसतं. पुढची पायरी पुराभिलेखागार, मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, शिवाय पुणे, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर. तिथे नावाने शोधू नका, एकट्या कारकुनाच्या नावाची सूची क्वचित असते, खातं आणि साल धरून शोधा. छापील सेवा-इतिहासाची पुस्तकं गॅझेटेड अधिकाऱ्यांची असतात, कारकून त्यात नसतो. जुने मराठी अर्ज मोडीत निघाले तर वाचणारा माणूस लागेल.

मुंबई इलाखा म्हणजे आजचा महाराष्ट्र नाही हेही ध्यानात ठेवा. सिंध १९३६ पर्यंत यातच, धारवाड-बेळगाव, अहमदाबाद-सुरत पण यातच, एडनसुद्धा बरीच वर्षं मुंबईशी जोडलेलं. पुण्याचा कारकून कराचीत बदलून गेला असेल तर तो काळ तिकडच्या दप्तरात. उलट मराठवाडा निजामाकडे, तिथले नियम वेगळे आणि पगार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्यात, त्याची तुलना इंग्रजांच्या कलदार रुपयाशी थेट करू नका. कोल्हापूर, सांगली, औंध अशी संस्थानं स्वतःच्या हिशोबाने चालायची. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज, कागद पोर्तुगीज भाषेत, वर सांगितलेलं एकही कलम तिथे लागत नाही.

आणि आता तो पैशाचा प्रश्न. नातू-पणतूंना जुन्या पेन्शनमधून काही मिळत नाही. फॅमिली पेन्शन मिळतं ते नियमात बसणाऱ्या हयात नातलगाला, म्हणजे विधवा किंवा ठराविक अटींत बसणारी अविवाहित, विधवा, घटस्फोटित मुलगी किंवा अपंग अपत्य, आणि तेही मूळ माणूस त्या योजनेत येत असेल तर. आजी हयात असेल आणि आजोबा स्वातंत्र्यानंतर रिटायर झालेले असतील तर जिल्हा कोषागारात, मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अधिदान व लेखा कार्यालयात, जुना नंबर घेऊन जाऊन जरूर विचारा, अर्ज करायला पैसे लागत नाहीत. "ब्रिटिश सरकारकडून थकबाकी काढून देतो, आधी फाईलचा खर्च भरा" असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.